कपाटातलं बाळ

माझी एके काळची धांदरट विद्यार्थिनी आणि आताच्या प्रमुखबाई,

काल तुझं नर्सिंगचं प्रशिक्षण केंद्र पाहिलं. सरावासाठी आलेलं रबरी बाळ काचेच्या कपाटात, कुलपात. "मुली हाताळून खराब करतात, बाई," म्हणालीस. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे मुली भिंतीवरच्या चित्रांत बघतात. उद्या खरं बाळ निळं पडलं, तर चित्र धावून येणार आहे का?

आपलं बाळ आठवतं? माझ्या उशीच्या अभ्र्याचं, आत अडीच किलो वाळू. तू त्याची मान इतकी मागे टाकायचीस की मी म्हणायचे, "अगं, त्याला श्वास घ्यायचाय, तारे नाही मोजायचे." शंभरदा करून घेतलं. अभ्रा फाटला, तू मुसमुसत शिवून आणलास. मग त्या दुपारी खरंच एक निळं बाळ तुझ्या हातात आलं. मी दारात नुसती उभी होते. तू मान बरोबर ठेवलीस. आधी ते रडलं, मग तू.

हे पत्र पाठवत नाही. तेही जपून कपाटात ठेवशील. सोमवारी मीच येते. अभ्रा धुऊन ठेवलाय, वाळू तेवढी तुझ्या अंगणातली घेऊ.

तुझी खडूस बाई