ओल्यातलं हिरवं

तुले अक्कल नव्हती माय, हे आज लिहूनच ठेवते. जन्मभर वांग्यांवर पाणी शिंपडलं आणि शेवटी ओल्या रंगाले तूच भुलली.

चांदूर बाजारात आपलं भाजीचं पाल असायचं. वांगी मी उन्हात मांडली की तू हातावर चापट मारायची. म्हणायची, उन्हात नुसती चकाकतात, गिऱ्हाइकाले चमक दिसते, जांभळं दिसत नाही, सावलीत घे. सावलीत घेऊन तू पाणी शिंपडलं की सुकत आलेली मेथीसुद्धा गर्द व्हायची. एवढं कळणारी तू, माह्या लग्नाचं लुगडं घ्यायले अमरावतीले गेली. दुकानात अंधार. रंग सुटते का पाहायले म्हणून, दुकानदारानं प्यायले दिलेल्या लोट्यात तू पदराचं टोक बुडवलं. तो ओरडून राहिला अन् तू त्या ओल्या, हिरव्यागार टोकाकडेच पाहून राहिली. बाकीचं लुगडं मळकं दिसते ते अंधारानं, असं तुले वाटलं. "हेच दे," म्हणाली. घरी येईस्तोवर टोक वाळलं अन् बाकीच्यासारखंच मळकं झालं. सासरी नणंदेनं विचारलं, "वहिनी, तुमच्याकडं लुगडं आधी म्हशीले नेसवतात काय?" मी हसली. काय करणार होती?

आता अकोल्यात मुलाच्या घरी राहते. ते लुगडं कंदिलाजवळ धरलं तर शेणासारखं दिसते. सून ते गोधडीत घालायले टपली आहे. मी अधूनमधून ते विहिरीवर नेते, भिजवते, निंबाच्या सावलीत दोन्ही हातांनी धरते. सून म्हणते, आत्याबाई, नेसत नाही ते धुता कायले? मी सांगते, धूळ बसते. धूळबीळ काही नसते माय. ओलं आहे तोवर ते कढीपत्त्यासारखं गर्द असते. त्या दुकानात तू काय पाहिलं, ते तेवढा वेळ मले दिसते. कोणाले हाक मारून दाखवावं, तर घर भरलेलं आहे अन् हाक मारावी असं कोणी नाही. मग ते वाळते. मी घडी घालते.

काल सुनेनं कात्री काढली. "सांगा आत्याबाई, याले रंग कुठं राहिला?" भिजवून पाहा, एवढंच म्हणायचं होतं. मले लाज वाटली. उद्यापर्यंत थांब म्हटलं अन् घडी उशाशी घेऊन बसली.

हे कुठं धाडायचं नाही, धाडणार तरी कुठं? पण लुगडं तू पसंत केलं होतं, मी नाही. तिले उत्तर तूच दे.