फक्त दोन मिनिटांचा फोन

८ सप्टेंबर, मंगळवार
आजपासून रोजनिशी. निवडून आल्यावर लोक विचारतील, डेलबर्ट, हे सगळं जमवलंस कसं? तेव्हा तारीखवार सांगता यावं.

डास नियंत्रण मंडळाच्या तिसऱ्या जागेसाठी अर्ज भरला. समोर मर्ल प्रुइट. वय त्र्याहत्तर, रिटायर्ड प्लंबर, गेली बारा वर्षं त्याच खुर्चीला चिकटलेला. माझी घोषणा ठरली: 'तरुण रक्त हवं!' रोवेना म्हणाली, डासांचीही तीच मागणी असते. बायकोला राजकारण कळत नाही.

११ सप्टेंबर
डोकं चाललं. आमच्या हेरॉन बेंड वसाहतीत दोनशे सहा घरं आणि त्यांत धड चालणारे गुडघे फार तर पन्नास. ही मंडळी मतदान केंद्रावर काय जाणार? टपाली मतपत्रिका हवी. मागच्या वेळच्या मागण्या बाद झाल्या आहेत, प्रत्येकाला नव्याने मागवावी लागणार. आणि ती आपल्याकडे फोनवर मागवता येते. नाव, पत्ता, जन्मतारीख, लायसन्सचे शेवटचे चार आकडे. दोन मिनिटांचं काम.

दर मंगळवारी क्लबहाऊसमध्ये मी फोनचा वर्ग घेणार. लोक फोन करतील, मतपत्रिका येईल, उपकार आठवतील, मत मला. मर्लला यातलं काही सुचणं शक्य नाही.

१५ सप्टेंबर
पहिला वर्ग. चौदा जण. ओपल ट्विचेल बाईंनी स्वतःची जन्मतारीख इतक्या मोठ्याने सांगितली की तळ्यावरचे बगळे उडाले. एक्क्याण्णव पूर्ण. टाळ्या पडल्या. मी छोटंसं भाषण केलं: वयाची लाज कसली? लोकशाहीपुढे वय म्हणजे नुसता आकडा. रोवेना मागच्या खुर्चीवर विणत होती. तिने मान वर करून माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. कौतुकाने.

माझा स्वतःचा फोन राहिला. उद्या करीन. पुढाऱ्याने आधी जनतेचं पाहावं.

१९ सप्टेंबर, सकाळी ९
फोन केला. मी स्पीकर लावतो, कारण हल्लीचे फोन बारीक बोलतात. (कानाचा डॉक्टर वेगळं सांगतो, पण त्याला मशीन विकायचं आहे.) अकरा मिनिटं संगीत. मग निवडणूक कचेरीतली बर्निस नावाची बाई आली. नाव झालं, पत्ता झाला. म्हणाली, जन्मतारीख सांगा, मी मोठ्याने परत म्हणते, म्हणजे चूक नको.

रोवेना चार फुटांवर टोमॅटो चिरत होती.

राँग नंबर म्हणून ठेवून दिला.

त्याच दिवशी, दुपारी
नोंद असावी म्हणून लिहितो. १४ नोव्हेंबरला मला सत्तर पूर्ण होतील. म्हणजे रोवेनाच्या हिशेबाने. प्रत्यक्षात हा कार्यक्रम सहा वर्षांपूर्वीच उरकला आहे.

आठ वर्षांपूर्वी नाचाच्या वर्गात ती म्हणाली होती, पहिला नवरा चौदा वर्षांनी मोठा होता, आता आणखी एका म्हाताऱ्याची शुश्रूषा माझ्याने होणार नाही. तेव्हा मी तिच्यासाठी सहा वर्षं कमी केली. क्लबहाऊसच्या वाढदिवसांच्या तक्त्यावर १९५० लिहिलं होतं, त्यातल्या इंग्रजी शून्याला वरून शेपटी काढली, सहा झाला. लग्नाच्या परवान्यावर मात्र खरी तारीख छापलेली होती. पण त्या दिवशी रोवेनाचा चष्मा गळ्यात लोंबत होता. न लावताच सही केली तिने. देव पाठीशी होता.

तिला कळलं तर ती जाईल. ती भांडणार नाही, दार आपटणार नाही, नीट घड्या घालून बॅग भरेल. या विचाराने माझं जेवण जात नाही. (आज गेलं, कारण मक्याचा पाव होता.)

२४ सप्टेंबर
घरातून फोन नको. आमच्या घरांच्या भिंती बिस्किटाच्या डब्याच्या. गोल्फ कार्ट घेऊन लाँड्रीच्या मागे गेलो. संगीत नऊ मिनिटं. बर्निस. जन्मतारखेपर्यंत आलो आणि ओपलबाई धुतलेल्या चादरी घेऊन आल्या. म्हणाल्या, काय रे डेल, अजून मागवायचीच आहे का तुझी? मी हसून म्हटलं, छे, कचेरीचं काम कसं चालतं ते तपासतोय. बर्निसने ते ऐकलं. स्पीकर चालूच होता.

२९ सप्टेंबर
बोटीतून प्रयत्न. तळ्याच्या मधोमध कोण असणार? बर्निस म्हणाली, इंजिनचा आवाज येतोय, ऐकू येत नाही. इंजिन बंद केलं. पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे तेव्हा लक्षात आलं, कारण धक्क्यावर माझा अर्धा वर्ग गळ टाकून बसला होता आणि सगळ्यांनी एकदम हात हलवला.

हवामान विचारून फोन ठेवला.

६ ऑक्टोबर
वर्गाची कीर्ती पसरली. आजवर एकशे एकतीस जणांनी फोन केले. आज मर्ल प्रुइटसुद्धा आला! पहिल्या रांगेत बसला, वहीत सगळं लिहून घेतलं, तिथल्या तिथे फोन केला. दोन मिनिटं दहा सेकंद. जाताना माझा हात धरून म्हणाला, डेल, फार चांगलं काम करतोयस, बाबा. तू स्वतः कधी मागवलीस? मी म्हटलं, सगळ्यांत आधी.

याला म्हणतात प्रतिस्पर्ध्याचं खच्चीकरण.

रोवेनाने आठवण करून दिली: वीस तारखेला तिच्या लेकीकडे ओहायोला निघायचं, सहा नोव्हेंबरला परत. नातीचं बारसं आहे चर्चमध्ये. म्हणजे मतदानाच्या दिवशी आपण इथे नाही. म्हणाली, तुझ्या फोनचं काय झालं? मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे.

१३ ऑक्टोबर
भयंकर. टपालपेटीत माझ्या नावाची मतपत्रिका आली. मी मागवलेलीच नाही! रोवेनाने ती साखरेच्या डब्याखाली ठेवली आणि गुणगुणत भाजी निवडायला बसली.

दोन तास विचार केला. उलगडा झाला: मर्ल. वर्गात येऊन वहीत लिहून घेतलं ते याचसाठी. माझ्या नावाने फोन करून मला बोगस मतदानात अडकवायचा डाव आहे. मी मतपत्रिका भरली की हा बोंब मारणार. मी काही कालचा पोर नाही.

रोवेनाला यातलं सांगितलं नाही. उगाच घाबरेल.

१९ ऑक्टोबर
रोवेना केस कापायला गेली, तेवढ्यात कचेरी गाठली. बर्निस प्रत्यक्षात एवढीशी आहे, पण आवाज तोच. मतपत्रिकेचं पाकीट काउंटरवर आपटून म्हटलं, हे मी मागवलेलं नाही, रद्द करा, लेखी देतो. तिने नोंद पाहिली. म्हणाली, घरच्याच कुणीतरी मागवलेलं दिसतंय, तसं चालतं आपल्याकडे. मी म्हटलं, माझ्या घरात असली माणसं नाहीत.

रद्द केलं. मग म्हणाली, हरकत नाही, दुसरी आत्ता हातात देते, फक्त जन्मतारीख सांगा.

मागे खोकल्याचा आवाज. मर्ल प्रुइट, भरलेलं पाकीट जमा करायला आलेला.

मी म्हटलं, राहू द्या. तत्त्वासाठी एक मत गेलं तरी चालेल. बर्निस माझ्याकडे बघतच राहिली. असा उमेदवार तिने पाहिला नसावा.

२० ऑक्टोबर, विमानात
रोवेनाने विचारलं, तुझं पाकीट भरून टाकलंस ना? मी म्हटलं, सगळं झालं. तिने माझा हात हातात घेतला. गुन्हेगारासारखं वाटलं. मग शेंगदाणे आले.

४ नोव्हेंबर, ओहायो
निकाल. मर्ल प्रुइट ६१२. मी ६१२.

सारखी!

पुन्हा मोजणार आहेत. मर्लची मतं कमी होतील असा माझा अंदाज आहे.

९ नोव्हेंबर
घरी. पुन्हा मोजली. ६१२, ६१२. आता चिठ्ठ्या टाकणार. ओपलबाई दारात येऊन म्हणाल्या, एक मत जास्त पडलं असतं तर काम झालं होतं रे. कुणीतरी आळशी राहिला असणार आपल्यातलाच. मी म्हटलं, असतात असे लोक.

१२ नोव्हेंबर
कचेरीत बर्निसने टोपीत हात घातला. मर्ल.

मर्लने मला मिठी मारली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं होतं हा माणूस कावेबाज आहे. कावा करणारा माणूस असा रडत नाही. मग माझ्या नावाने फोन कुणी केला?

घरी येताना रोवेना गाडी चालवत होती. मी शेजारी बसून संशयितांची यादी करत होतो.

१४ नोव्हेंबर
वाढदिवस. क्लबहाऊस भरलेलं, केक रोवेनाने केलेला. वर सत्तर मेणबत्त्या असणार होत्या. जरा दाट वाटल्या, म्हणून मोजल्या. शहात्तर. पुन्हा मोजल्या, निवडणुकीच्या निकालासारखंच झालं, आकडा तोच.

रोवेनाला म्हटलं, चुकून सहा जास्त झाल्या. म्हणाली, चूक नाही. परवाना सही करताना वाचला होता. मी म्हटलं, तुझा चष्मा तर गळ्यात होता. म्हणाली, तो लांबचा आहे, डेल. जवळचं मला नीट दिसतं.

खुर्चीवर बसलो. विचारलं, मग आठ वर्षं गप्प का? म्हणाली, तुला तरुण असण्याचा केवढा आनंद व्हायचा. आणि मी कुठे जाणार होते?

खरं सांगायचं तर मला रडू आलं. मग ती कानाजवळ वाकून हळू म्हणाली, आणि त्या पाकिटाचं काय केलंस, मूर्खा? बोटीतून फोन करत हिंडत होतास म्हणून मीच तुझ्यासाठी फोन केला होता. जन्मतारीख सांगितली, पन्नास साल. दोन मिनिटं लागली.

मेणबत्त्या एका दमात विझल्या नाहीत. शेवटच्या वीस मर्लने विझवल्या.