दोन बोटांची फट

प्रिय मामा,

तुझ्या तेराव्याला मी आलो नाही म्हणून मामी अजून बोलत नाही. मी तेव्हा वाणगावला मिरच्यांच्या टेम्पोवर होतो. ते असू दे. आज लिहायला बसलो, कारण तुझ्या त्या हुशार साहेबाचं थोबाड आज बघण्यासारखं झालं होतं!

हो, मी बोईसरला तुझ्याच कारखान्यात लागलोय. चार महिने एका जागी! हसू नकोस.

आठवतं? मी तुझं जेवण घेऊन यायचो तेव्हा, विजेचं पॅनल जोडताना तू दोन कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे त्या चालू-बंद करणाऱ्या ठोकळ्यांच्या, मधे दोन बोटं घालून बघायचास. "वलांडीवर बोंबील चिकटून टांगला का कुजतो, ह्यो चिकटून बसवला का तापतो. वारा जायाला नको?" शिरगावच्या किनाऱ्याचं शहाणपण पॅनलमध्ये! मला हसू यायचं.

मग कॉम्प्युटर आला. त्याला वेगळी खोली, पडदा, एसी. चपला बाहेर काढायच्या, देव्हाराच जणू! साहेबाने त्यात कॉन्टॅक्टरमधल्या अंतराच्या रकान्यात शून्य भरलं. चित्र काय सुंदर! सगळे खांद्याला खांदा लावून, शाळेच्या फोटोसारखे. पॅनलचा डबा लहान झाला म्हणून साहेब फुगला.

तू एवढंच म्हणालास, "साहेब, यात वारा नाय."

"काका, हा मासळीबाजार नाही."

आणि तू तसंच जोडून दिलंस! दर्यात होडी घालणारा तू, त्या शून्याला भ्यालास? तुझाही राग येतो मला.

बर्फाच्या कारखान्यात ते पॅनल जळलं. साहेबाने कागदावर लिहिलं, 'वायरमनने जोड ढिले ठेवले.' कागद फाइलमध्ये गेला, तू घरी. तो डाग घेऊनच गेलास ना?

त्याच चित्रावरून तिथलं दुसरं पॅनल मी जोडलं. प्रत्येक स्क्रू दोनदा आवळून. तेही काल जळलं! आज बर्फवाला स्वतः पेचकस घेऊन आला. एकेक स्क्रू तपासला. "जोड तर घट्ट हायेत, साहेब. मग?"

बर्फवाला गेल्यावर साहेबाने मला देव्हाऱ्यात बोलावलं. मी चपला घालूनच गेलो. शून्य खोडून हळूच विचारतो कसा, "तुझा मामा किती अंतर ठेवायचा रे?"

मी म्हटलं, "आधी तो कागद द्या."

रकाना अजून रिकामा आहे, मामा. तुझ्या नावाचा कागद हातात पडेपर्यंत मी बोटं दाखवणार नाही. आणि या खेपेला पळून जाणार नाही, शब्द देतो.

तुझा उडाणटप्पू भाचा,
नंदू