महाबळेश्वरची शतपावली

नवी पेठ, पुणे
३० सप्टेंबर २००३

तीर्थस्वरूप राधाअक्का हिला धाकट्या दीनानाथचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? हवा कुंद आहे, म्हणजे दुखत असणारच. दुखत नसेल तर उत्तम, पण तसं आजवर झालेलं नाही. इकडे हेमा ठीक आहे, माझा रक्तदाब डॉक्टरांच्या मते वयाला शोभेसा आहे आणि केयूर हिंजवडीहून रात्री नऊला येतो, जेवतो आणि पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसतो. तू कात्रजला, मी नवी पेठेत. बस वेळेवर आली (ही कल्पना फक्त पत्रापुरती) तर अर्ध्या तासात भेट होईल. तरीही टपाल खात्याला कामाला लावतोय, कारण फोनवर पहिलं वाक्य तुझं असतं, शेवटचंही तुझंच असतं आणि माझ्या वाट्याला मधला 'हं' येतो. पत्रात मला कोणी अडवत नाही.

विषय तो फोटो. तुझी नात उत्कर्षा केयूरच्याच कंपनीत आहे हे आपलं भाग्य, आणि तिच्याकडे कॅमेरा आहे हे माझं दुर्भाग्य. तिने तुला कॉम्प्युटरवर जो फोटो दाखवला, त्यात कानटोपी आणि मफलर घातलेला एक इसम एक हात वर करून सर्वांत पुढे चालला आहे आणि त्याच्या मागे पन्नास-साठ पोरं तसाच हात वर करून चालली आहेत. तो इसम मीच. त्यावर तू फोन करून 'पितृपंधरवड्यात डिस्कोत नाचलास' एवढं बोललीस आणि ठेवून दिलास. (रविवारी दसऱ्याला पाच वाजता केयूरसाठी सलोनीला बघायला जायचं आहे, हेही बोललीस. त्याविषयी मी नंतर लिहितो. आधी फोटो.) अक्का, मी नाचलेलो नाही. मी शतपावली करत होतो.

आता सविस्तर ऐक. कंपनीने घरच्यांसकट सर्वांना दोन दिवस महाबळेश्वरला न्यायचं ठरवलं. दिवस पितृपंधरवड्यातले निवडले, कारण तेव्हा हॉटेलं रिकामी असतात आणि आपले पूर्वज भाडं कमी करून देतात. बाबांची तिथी पंचमीला नीट पार पडली होती, तेव्हा निघायला हरकत नव्हती. केयूरने मात्र आग्रह फार केला. जो मुलगा मला चतुःशृंगीला सोडायला कुरकुरतो, तो 'बाबा, तुम्ही आलंच पाहिजे' असं चार वेळा म्हणाला, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण हेमाने स्वेटर काढून उन्हात टाकले होते आणि एकदा स्वेटर उन्हात पडले की आमच्या घरात बेत रद्द होत नाही.

तिथल्या रात्रींविषयी मला काही माहिती नव्हती. माझ्या समजुतीप्रमाणे थंड हवेच्या ठिकाणी रात्री माणसं दोन रग घेऊन झोपतात. पण कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'रात्री साडेनऊ: डीजे नाइट' असं छापलं होतं. मी केयूरला विचारलं की हे संपतं केव्हा, तर तो म्हणाला की संपत नसतं, माणसं संपतात. साडेनऊला जेवून हात धुतले आणि मी नेहमीप्रमाणे शतपावलीला निघालो. बाहेर पाहिलं तर धुकं असं, की पुढे केलेला स्वतःचा हात दुसऱ्याचा वाटावा. दरीकडे शंभर पावलं टाकायला गेलो असतो तर साठाव्यातच निकाल लागला असता. राहता राहिला तो हॉल. चांगला ऐसपैस, फरशी कोरडी, मधे खांब नाही. दिवे तेवढे डोळे मिचकावत होते आणि आवाजाने छातीजवळच्या खिशातली गोळ्यांची डबी थरथरत होती. मी हेमाला बरोबर घेतलं आणि भिंतीच्या कडेकडेने फेरी सुरू केली.

हात वर का, हा तुझा मुख्य आक्षेप. अक्का, त्या गोंगाटात मनातला आकडा टिकत नव्हता, म्हणून मी मोठ्याने मोजत होतो आणि दर दहाला एक बोट वर करत होतो. तुला ठाऊकच आहे, आपल्यात बाबांच्या शिकवणीप्रमाणे फक्त उजवं पाऊल मोजतात. तिसऱ्या बोटाला मागे वळून पाहिलं तर दहा-बारा पोरं माझ्या मागे, तशीच संथ पावलं, तशीच तीन बोटं वर. त्यांना वाटलं ही पुण्याची काहीतरी खास स्टेप आहे. चौथ्या बोटाला तीस झाली. मी त्यांना हाताने 'जा, जा' केलं, तर तेही सगळ्यांनी केलं.

इतक्यात माझ्या खांद्यामागून एक भारदस्त आवाज आला, 'अहो, तुम्ही चुकून राहिले ना. दोन पावलांचं एक मोजून राहिले.' वळून पाहिलं तर माझ्याच वयाचे एक गृहस्थ, माझ्यासारखीच कानटोपी, पोटावर हात. नाव श्रीधरराव, मूळचे अमरावतीचे, आता मुलीबरोबर विश्रांतवाडीला. तेही जेवून शतपावलीलाच आले होते. अख्ख्या हॉलमध्ये शुद्ध हेतूने चालणारी माणसं दोनच, आणि त्यांच्यात मतभेद. त्यांचं म्हणणं, दोन्ही पाय मोजावेत. आमच्या हिशेबाने शतपावली केली तर ती दोनशेपावली होते. मी म्हणालो, पचन कशाने होतं ते महत्त्वाचं. ते म्हणाले, मग शंभरच कशाला म्हणता. मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी आवाज चढवला. चालणं थांबवता येत नव्हतं, कारण मागे आता गर्दी होती. शेवटी असं ठरलं की पहिल्यापासून मोजायचं, एक फेरी त्यांच्या पद्धतीने आणि एक आमच्या. हेमा म्हणाली, तुमचं चालू द्या. ती आणि श्रीधररावांच्या पत्नी दुर्गाबाई, दोघी दोन मिनिटांत ओळख करून घेऊन बाजारात निघून गेल्या. (धुक्यातून! बायकांना धुक्यात दुकानं दिसतात.)

पुढचं फार भराभर झालं. डीजे नावाच्या इसमाने आमचं मोजणं ऐकलं आणि तो माइकवर मोजू लागला. 'पंच्याण्णव, शहाण्णव' अशी सगळी पोरं गर्जत होती. यातली निम्मी सॉफ्टवेअरची पोरं एरवी मराठीत पन्नासच्या पुढे गेलेली नसतील, पण त्या रात्री शंभरपर्यंत एकही आकडा चुकला नाही. शंभराला मी आणि श्रीधरराव थांबलो, कारण शतपावली संपली. तर सगळा हॉल थांबला. मग अशा टाळ्या पडल्या, की चौतीस वर्षांच्या नोकरीत निरोप समारंभालासुद्धा मला तशा मिळाल्या नव्हत्या. अक्का, खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं. आम्ही आणखी तीनदा शतपावली केली. 'सर्वोत्कृष्ट जोडी'चं बक्षीस जाहीर झालं, आणि दोघांच्याही पत्नी बाजारात असल्यामुळे ते मला आणि श्रीधररावांना देण्यात आलं. दोन मग होते. एकेक वाटून घेतला.

बायकांना शोधायला आम्ही बारा वाजता बाजारपेठेत गेलो. तिथे दिवाळी असावी तसे दिवे, चणेवाले, चपलांची दुकानं, कणसं भाजणाऱ्यांच्या शेगड्या. दुर्गाबाई बंदुकीने फुगे फोडत होत्या (अकरा गोळ्या, अकरा फुगे) आणि हेमा कणीस खात त्यांना नेम सांगत होती. बाजूच्या पायरीवर केयूर बसला होता, त्याच्याशेजारी एक मुलगी, आणि दोघांचे चेहरे निकालाच्या दिवशी असतात तसे. तो उठून म्हणाला, 'बाबा, ही अपेक्षा.' श्रीधरराव म्हणाले, 'ही आमची मुलगी आहे.' मी म्हणालो, 'हा आमचा मुलगा आहे.' दुर्गाबाईंनी बारावा फुगा फोडला.

दोघं दीड वर्ष आमची गाठ कशी घालून द्यावी या विवंचनेत होती. सकाळी नाश्त्याला ओळख करून द्यायची, असा त्यांचा बेत होता. श्रीधररावांनी पोरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'सासरी मोजणी चुकीची आहे, पण माणूस बरा आहे.' मीही तेच म्हणणार होतो. परत येताना रात्री एकपर्यंत आम्ही चौघं त्या धुक्यात कारण नसताना हसत होतो. इतकं मी केव्हा हसलो होतो, ते आठवत नाही.

तेव्हा नाचण्याचा आरोप मागे घ्यावा. दुखऱ्या गुडघ्याला जपावे.

तुझा,
दीनानाथ

ता. क. सलोनीकडे दसऱ्याला जाण्याचं रद्द करावं. शब्द तू दिलेला आहेस, हे मी जाणतो. मी तो मोडायला सांगतो आहे.

ता. क. २ त्याच दिवशी त्याच वेळेला श्रीधरराव आणि दुर्गाबाई आमच्याकडे येत आहेत. अक्का, बाबा गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तू नोकरी धरलीस, स्वतःचं लग्न चार वर्षं पुढे ढकललंस आणि मला शिकवलंस. तू समोर बसून 'हो' म्हटल्याशिवाय मी त्यांना होकार देणार नाही, आणि तू 'नाही' म्हणालीस तर पोराला काय सांगू, हे मला कळत नाही. हे लिहायला एवढी पानं लागली. तू ये.

ता. क. ३ रिक्षाचं मी बघतो.

वन्सं, सा. न. पाकीट डकवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून चार ओळी. हॉटेलचा व्हरांडा चांगला लांबलचक आणि मोकळा होता. 'हेमा, चल ना' म्हणून हॉलमध्ये हात धरून यांनीच नेलं. परवा फोनवर मी तुम्हाला अपेक्षाचं सगळं सांगितलं, तुम्ही खो खो हसलात, सलोनीच्या घरी आपणहून कळवलंत आणि मुलीसाठी साडीसुद्धा काढून ठेवलीत, यातलं यांना काहीही ठाऊक नाही. तीन दिवस खपून लिहीत होते, रात्री उठून खोडत होते, मला मधे बोलवेना. तेव्हा रविवारी आल्यावर निदान दहा मिनिटं रागावलेल्या राहा.
— हेमा