पाच माणसांचा थंडावा

देवपूर, धुळे
शनिवार, ता. ३० मे १९५३

तीर्थरूप तोतारामआबांच्या पायांवर धाकट्या मेहुण्याचं डोकं, आणि चोपड्याच्या बाकी मंडळींना वयाप्रमाणे नमस्कार-आशीर्वाद.

आपला गुडघा कसा आहे? एरंडाचं पान गरम करून बांधा असं मी मागे लिहिलं होतं. नंतर वाटलं, ऐन वैशाखात कोणाला गरम पान बांधायला सांगणं बरं नव्हे. तरी बांधलं असल्यास सोडावं, नसल्यास माझं लिहिणं मनावर घेऊ नये. केळीच्या बागेला पाणी पुरतं आहे ना? इकडे सर्व खुशाल. अक्का आणि तिन्ही मुलं आखाजीच्या सणाला माहेरी आल्यापासून मजेत आहेत. (धाकट्याला घामोळं आलं होतं, आता बरं आहे. हे आपल्याला कळवू नये असं अक्काचं मत पडलं. न कळवणं म्हणजे लपवणं, असं माझं.) 'सर्व खुशाल' हे मात्र मी सवयीनं लिहून गेलो. मी स्वतः खुशाल नाही. गेले पंधरा दिवस मी एका माणसाचे चाळीस रुपये देणं लागतो की नाही, हे मला ठरवता येत नाही, आणि बी. ए. झालेल्या, शाळेत पोरांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एवढं ठरवता येऊ नये याची लाज वाटते. आपण पंच म्हणून आजवर कितीतरी बांधांचे तंटे तोडलेत. म्हणून काही हातचं न राखता लिहितो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मधल्या खोलीत दुपारी बसवत नव्हतं हे आपण अनुभवलंच आहे. (आपण तेव्हा धोतर ओलं करून अंगावर घेतलं होतं, आणि ते दोनदा वाळलं होतं.) म्हणून यंदा फाल्गुनातच मी भिकन मिस्तरीला बोलावलं. हा मनुष्य जुन्या धुळ्यात राहतो. थंडीच्या दिवसांत पाणी तापवायचे बंब डागून देतो आणि उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या बसवतो, म्हणजे लोकांना जे हवामान मिळालं आहे ते नको असतं, त्यावर त्याचं बारमाही पोट चालतं. पश्चिमेच्या दारात बांबूच्या चौकटीची ताटी, तिच्या माथ्यावर भोकं पाडलेली पत्र्याची पन्हळ, आणि पन्हळीला घराच्या सपाट मातीच्या धाब्यावरच्या पिंपातून नळी, म्हणजे कोणी तांब्या घेऊन उभं न राहता पाणी आपोआप ठिबकेल, असं ठरलं. एकूण साठ रुपये. वीस आधी, चाळीस आखाजी झाल्यावर. (अधिक महिना आल्यामुळे यंदाची अक्षय्यतृतीया, म्हणजे आपली आखाजी, पार मेच्या मध्यावर गेली. त्याबद्दल भिकननं कुरकुर केली नाही, हे त्याच्या बाजूनं नमूद करतो.)

इथवर ठीक होतं. पण मला सगळं लेखी लागतं. मी कागद केला आणि त्यात घातलं की, "घरातील पाच माणसांना दुपारी बारा ते चार समाधानकारक थंडावा मिळाल्यास उरलेली रक्कम द्यावी." पाच म्हणजे मी, आमच्या घरातून लताबाई, आमची आई आणि दोन मुलं. 'समाधानकारक' हा शब्द सुचला तेव्हा मला बरं वाटलं होतं. रोजनिशीत तशी नोंदही आहे. भिकननं कागदावर अंगठा उठवला आणि म्हणाला, "गुरुजी, इतलं लिखापेक्षा एक खिडकी पाडा." मी हसलो. आता वाटतं, त्याचं ऐकायला हवं होतं.

पहिली अडचण पिंपाची. पिंप धाब्यावर, ऊन धाब्यावर, त्यामुळे सकाळी दहानंतर ताटीवर जे पाणी ठिबकू लागतं त्यात चहाची पत्ती टाकली तर रंग सुटेल. मी भिकनला बोलावून हात धरायला लावला. त्यानं हात धरला, चटकन काढला, आणि म्हणाला की हे तर चांगलंच झालं, आंघोळीला ऊन पाणी फुकट मिळालं, बंबाची लाकडं वाचली, त्याचे तो वेगळे पैसे मागत नाही हा त्याचा मोठेपणा. मी म्हटलं, मेमध्ये ऊन पाण्यानं आंघोळ कोण करतो? त्यावर आमची आई आतून म्हणाली, "मी करते." तिची कंबर महिनाभर दुखलेली नाही हे खरं आहे. आता मी थंडाव्याचे पैसे कापायचे आणि आईच्या कंबरेचे द्यायचे, असा हिशेब करायचा काय? शिवाय ताटी ओली झाली की पाणी कसंही असो, वारा आत येताना गार होतो असं भिकन म्हणतो, आणि शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातही तेच लिहिलेलं निघालं. मला हे पुस्तक आधी उघडायला हवं होतं.

तेवढ्यात आखाजी आली. अक्का आणि मुलं आली, आणि उन्हात झाडाखाली कशाला म्हणून आखाजीचा झोका मधल्या खोलीतच तुळईला बांधला. मग गल्लीतल्या माहेरवाशिणी झोक्यासाठी येऊ लागल्या, त्यांच्या आया त्यांना बोलवायला म्हणून येऊन बसू लागल्या, आणि आयांना शोधत म्हातारे आले. आखाजी संपली, झोका सोडला, माणसं सुटली नाहीत. मंगळवार, ता. १९ रोजी दुपारी दोन वाजता मी मोजली तेव्हा बावीस भरली. (तान्ही धरलेली नाहीत. ती धरावीत की नाही यावर मी थोडा वेळ घालवला.) शेजारचे झुलालनाना तर बरोबर ताटीसमोर आडवे होतात, त्यामुळे सगळा वारा त्यांना लागून मग उरलेल्यांना मिळतो. त्यांना मी साक्षीदार म्हणून विचारलं, "नाना, गार वाटतं का?" ते म्हणाले, "झोप लागेपर्यंत सांगता येत नाही, लागल्यावर समजत नाही." बावीस माणसांच्या श्वासानं खोली पुन्हा तापते, आणि मी माझ्याच घरात दाराच्या उंबऱ्यावर, अर्धा उन्हात, बसलेला असतो. अशा वेळी 'समाधानकारक' असं मनापासून कसं म्हणावं?

हे मी भिकनला सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला आला, खोलीत बसला, आणि शांतपणे म्हणाला, "गुरुजी, पाच माणसेस्ना थंडावा बोलनू होतू. आठे त लगीननं वऱ्हाड बठेल शे." मी म्हटलं, ते खरं, पण गार नाही हेही खरं. त्यावर तो म्हणाला, "गार नही, त ह्या बठ्ठा लोके काबर येतस? तुमनं भाषण ऐकाले?" सगळी खोली हसली. आबा, गार नाही तर माणसं का येतात, ह्या प्रश्नाचं उत्तर मी तीन दिवस शोधलं. खोली गार आहे म्हणून माणसं येतात. माणसं येतात म्हणून खोली गार राहत नाही. राहत नाही म्हणावं तर माणसं उठत नाहीत. मग भिकनचं काम पुरं झालं की नाही? तो रोज बारा वाजता पैशाबद्दल बोलायला येतो आणि चारपर्यंत बसतो. मी रोज नवा मुद्दा काढतो, तो रोज उत्तर देतो. त्याची चिकाटी पाहून मलाच ओशाळल्यासारखं होतं.

वादात पुरावा हवा म्हणून मी जीवराम डॉक्टरांकडून ताप मोजायची नळी आणली. पहिल्या दिवशी ओट्यावर धरली, एकशे आठ. आत आणली, एकशे आठ. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आत आणि बाहेर तिळाचा फरक नाही, असं मी रोजनिशीत तीनदा लिहिलं आणि भिकनला वाचून दाखवलं. तो नळी उलटीसुलटी करून पाहू लागला. मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि वाटल्याबद्दल वाईटही वाटलं. तेव्हा अक्का तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "भाऊ, मधे झटकलीस का ती?" मी झटकली नव्हती. (आमच्याकडे झटकण्याचं काम लताबाई करते, मी नेहमी रोगी असतो.) झटकून पाहिली तर आत एकशे तीन. म्हणजे पाच अंशांचा फरक भिकनच्या बाजूनं. पण एकशे तीन असलेल्या माणसाला आपण समाधानकारक म्हणत नाही, कपाळावर घड्या ठेवतो. पुन्हा खात्री करावी म्हणून नळी ओट्यावर नेली, ती उन्हात ठेवली आणि फुटली. डॉक्टरांना नवी द्यायची आहे.

खरी बोच याच्या पुढे आहे. भिकनची मुलगी धुरपदा पाचोऱ्याकडे दिली आहे, तीही आखाजीला आलेली. तिचा नवरा मंगळवारी, म्हणजे २६ तारखेला, न्यायला येणार असं भिकन मला म्हणाला होता. लेकीची बोळवण म्हणजे लुगडं-चोळी, जावयाला टोपी-उपरणं, सांजोऱ्यांची पाटी. हे सगळं माझ्या चाळीस रुपयांवर अवलंबून होतं. त्यानं मागितलं नाही, नुसतं सांगितलं. मी त्या दिवशी स्वतःला विचारलं, गरज हा पुरावा होतो का? कागदात तसं नाही. पण दया म्हणून द्यावेत तर त्याच्या कामाचा अपमान, काम म्हणून द्यावेत तर कागद खोटा. असा विचार करता करता मंगळवार गेला. ती मुलगी रिकाम्या हातानं सासरी गेली असेल, किंवा नवरा एकटा परत गेला असेल. भिकनला विचारायचं मला धैर्य झालेलं नाही. तो मात्र रोज येतो, आणि त्याच्या तोंडावर राग दिसत नाही. तेच मला जास्त टोचतं.

तरी आपण थंड डोक्यानं (हा शब्द मी सहज वापरला) विचार करून कळवावं. आपला निवाडा दोन्हीकडून मान्य आहे. गुडघ्याची काळजी घ्यावी, रात्री बागेत पाणी द्यायला स्वतः जाऊ नये, आणि दोन ओळींनी का होईना खुशाली पाठवावी.

आपला,
अभिमन

ता. क. हे अक्काला न सांगता लिहितो. कागदाप्रमाणे चाचणी करायची तर खोलीत पाच माणसं हवीत. शेजाऱ्यांना एक दिवस येऊ नका म्हणता येईल. पण घरातच आम्ही पाच आणि अक्का धरून चार, म्हणजे नऊ. माहेरी आलेल्या लेकीला 'कधी जाणार' हे विचारायचं नसतं, आणि सासरचं माणूस न्यायला आल्याशिवाय ती उठायची नाही, हे मी आपल्याला काय सांगावं? तरी आपण, किंवा कोणीही, येत्या चार दिवसांत येऊन गेल्यास फार बरं होईल. ह्याचा अर्थ अक्का जड झाली असा कृपया घेऊ नये. (असा अर्थ निघतो का, हे मी दोनदा वाचून पाहिलं. थोडा निघतो.)

ता. क. दुसरा. वरचं लिहून मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात अक्कानं पत्र वाचलं. ती रागावली नाही, हसत सुटली आणि लताबाईला हाक मारली. मग मला जे कळलं ते असं. भिकनचे चाळीस रुपये गेल्या सोमवारीच देऊन झाले आहेत. दोघींनी मिळून ठरवलं. लताबाईजवळ नव्हते म्हणून अक्कानं, आपण तिला परतीच्या मोटारीसाठी आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी दिलेले, त्यातून काढले. धुरपदा मंगळवारी हिरवं लुगडं नेसून, पाटी घेऊन नवऱ्याबरोबर गेली. मला कोणी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी पावती मागितली असती, असं लताबाई म्हणते. मागितली असती.

तेव्हा आता मी भिकनचं काही देणं लागत नाही, आपले चाळीस लागतो. निवाड्याची गरज नाही, असं धरावं का, हे मात्र नक्की ठरत नाही, कारण पैसे दिले म्हणजे थंडावा सिद्ध होतो असं नाही. अक्काचं म्हणणं, तिकडे चोपड्याला पत्र्याखाली काय ठेवलंय, आपण न्यायला येऊ नये, पाऊस लागल्यावर पाहू. ही तिची साक्ष धरली तर खोली गार आहे. मग मी पंधरा दिवस कशासाठी भांडलो?

ता. क. तिसरा. भिकनला आत्ताच विचारलं, पैसे पोचले होते तर रोज येऊन माझ्याशी वाद का घालत होतास? त्याचं म्हणणं, वाद मी घालत होतो, तो फक्त उत्तरं देत होता; नुसतं बसून राहणं बरं दिसलं नसतं. हे पत्र पेटीत टाकायला तोच नेणार आहे. पण बाहेर ऊन फार आहे म्हणून चार वाजेपर्यंत थांबतो म्हणाला, आणि झुलालनानांना थोडं सरकवून त्यांच्या शेजारी आडवा झाला आहे.