संपदाच्या कॉम्प्युटरवर अक्षता

चौबे कॉलोनी, रायपूर
बुधवार, दुपार

ती. कुमुदताईस,

सुधाकरचा साष्टांग नमस्कार (गुडघे आता जमिनीपर्यंत जात नाहीत, तेव्हा कागदावर घातलेला चालवून घे). तुझी शुगर कशी आहे? वर्ध्याचं ऊन उतरलं का? फोन न करता पत्र लिहितो आहे याचं नवल वाटून घेऊ नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो ताई' म्हणतो, असं आपलं कायमचं ठरलेलं आहे, आणि आज मला बोलायचं आहे. मुख्य म्हणजे तुझे आभार मानायचे आहेत. ते फोनवर मानले तर तू 'चाल, मोठा शहाणा झाला' म्हणून फोन ठेवशील.

भार्गवनं स्वतःसाठी नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि जुनं मामाच्या पोरीला दिलं, हे तुझे संस्कार. पण ती विटेएवढी वस्तू सांडग्यांच्या डब्यात, नऊवारीच्या दोन घड्यांमध्ये घालून, मांडीवरून न उतरवता वर्ध्याहून रायपूरपर्यंत आणणं, आणि गाडीतल्या बाईनं विचारल्यावर 'बाळकृष्ण आहे' म्हणून सांगणं, हे तूच करू जाणेस. (कार्डाला अजून हिंगाचा वास येतो. गरम झालं की जास्त येतो.) त्या कार्डाशिवाय आमची मशीन उभीच राहिली नसती, एवढं आधी लिहून ठेवतो.

तू आलीस तेव्हा घाईत सगळं सांगणं झालं नाही. कॉम्प्युटरवरच्या खेळांचे सामने भरवणारी एक कंपनी आहे. लोक ते सामने घरबसल्या बघतात (मलाही आधी पटलं नव्हतं). त्यांनी संपदाला मराठीतून समालोचनाच्या चाचणीला बोलावलं. रविवारी, तीन तास, घरूनच. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर हैदराबादच्या एका ऑफिसचं बोलावणं येऊन पडलेलंच होतं, एक तारखेला हजर व्हा म्हणून. मी तोंडानं 'तुझी मर्जी' म्हणत होतो, पण तुझ्यापासून काय लपवायचं, पोरगी घरात राहावी एवढंच मला हवं होतं. एकुलती एक आहे. ती गेली की मी, राधा आणि टीव्ही. आणि जुना कॉम्प्युटर असा की खेळ सुरू केला की प्रक्षेपण बंद पडायचं, प्रक्षेपण सुरू केलं की खेळ. (खेळ चालवायचा आणि त्याच वेळी त्याचं चित्र जगाला पाठवायचं, म्हणजे एकाच बाईनं पोळ्या लाटायच्याही आणि भाजायच्याही. राधाला हे समजावून सांगितलं तर म्हणाली, त्यात काय मोठं, मी रोज तेच करते.) तेव्हा एकेक भाग निवडून नवी मशीन जुळवायची असं ठरलं.

आता भाग निवडायचे म्हटल्यावर मी गप्प बसेन का? उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये मोटारी सांभाळण्यात माझा जन्म गेला. समता कॉलोनीतल्या साहू भैयाच्या दुकानात आम्ही बापलेक फेऱ्या मारू लागलो. मी म्हटलं, पॉवर सप्लाय दणकट पाहिजे, सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट ओढते. संपदा म्हणाली, "पापा, ये रोलिंग मिल नहीं है." (आमच्या घरात मी मराठीत विचारतो आणि पोरगी हिंदीत उत्तर देते, हे तुला ठाऊक आहे. समजतं तिला सगळं, पण मराठी तोंडातून निघत नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो. त्यामुळे मराठी समालोचन हिला जमणार कसं, हाच मला घोर होता.) कॅबिनेटवरून तर खरी जुंपली. आत हवा खेळावी म्हणून तिला समोर जाळी आणि बाजूला काच हवी. मी उरल्याची काळी धूळ आयुष्यभर खाल्लेला माणूस, मला चहूबाजूंनी बंद पेटी हवी. साहू भैया मध्ये उभा राहून नुसता "हव, हव" (म्हणजे इकडचं हो, हो) म्हणायचा. मला वाटायचं मला म्हणतो, तिला वाटायचं तिला. शेवटी जाळीचंच घेतलं, पुढे धूळ अडवणारी चाळणी लावून. पॉवर सप्लायच्या वेळी मात्र तो म्हणाला, "अंकलजी सही बोल रहे हैं दीदी, इसमें कंजूसी मत करो," आणि माझा तो अख्खा दिवस चांगला गेला. राधाची एकच अट होती, रंगीत दिव्यांचे पंखे नकोत, आपल्याकडे गणपती दहाच दिवस बसतो. खरं सांगू ताई? त्या फेऱ्यांमध्ये पोरगी माझ्याशी जेवढी भांडली, तेवढी कॉलेजात गेल्यापासून बोललीही नव्हती. मी मुद्दाम दोन फेऱ्या वाढवल्या.

शनिवारी मशीन घरी आली. नवी मशीन पूजेशिवाय सुरू करायची हे माझ्या हातून व्हायचं नाही. संपदानं बजावलं, नारळ नाही, हळदकुंकू फक्त बाहेरून, उदबत्ती लांबून. मी सगळं पाळलं. पण बाजूची काच उघडी होती, आत तुझं कार्ड ऐटीत बसलेलं, राधानं तबक पुढे केलं आणि हात सवयीनं सुटला. चिमूटभर अक्षता, जास्त नाही. दिसल्या तेवढ्या वेचून घेतल्या. बटन दाबलं तर मशीन अगदी शांत चालली, म्हणून मी कुणाला काही बोललो नाही.

रविवारी संपदा खोलीत, आणि आम्ही दोघं दाराबाहेर बसून मोबाईलवर तिलाच बघत होतो. सुरुवात काय सांगू! 'प्रेक्षकहो, खेळाडूने आता शत्रूच्या दिशेने प्रयाण केले आहे.' असं वाटावं की पोरगी सरकारी जाहीर सूचना वाचते आहे. राधा डोळे मिटून रामनाम घेऊ लागली. बघणारे भराभर निघून जाऊ लागले, आणि मला हैदराबादची गाडी दिसू लागली. तेवढ्यात सामना तापला, मशीनवर जोर आला, पंखे जोरात फिरू लागले आणि आतून खर्र खर्र सुरू झालं. माइक चांगल्यातला (माझ्याच आग्रहानं घेतलेला), त्यामुळे बघणाऱ्या सगळ्यांनी ते ऐकलं. लोक लिहू लागले, ताई, घरी पिठाची गिरणी आहे का? राधानं कान दिला, मग माझ्याकडे बघितलं. "तांदूळ वाजून राहिले," ती म्हणाली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

आणि आत पोरगी हसली. हसली आणि बोलली, "थांबा जी थांबा, हा आवाज गेममधला नाही. आमच्या बाबानं काल मशीनची पूजा केली न, अक्षता पंख्यात गेल्या. जनम गेला माणसाचा मिलमध्ये, पण मशीनले हात जोडल्याबिगर बटन दाबत नाही. ओ आई, चिमटा आण न वं!"

ताई, 'बाबा' म्हणाली. पापा नाही.

तिनं तो एक पंखा तेवढा थांबवला (एकटा थांबवता येतो, हे मला तेव्हा कळलं). राधाचा बांगड्यांचा हात कॅमेऱ्यात शिरला, भुवयांच्या चिमट्यानं दाणे वेचून बाहेर आला, आणि लोकांनी 'काकू नमस्कार' लिहायचा सपाटा लावला. त्यानंतर संपदा काही प्रेक्षकहोच्या वाटेला गेली नाही. "पळ न बे! काहून उभा राहून राहिला? तुले का लग्नाची पत्रिका पाठवू?" हे ऐकलं आणि मी ओळखलं, ही तर तू! भार्गव अंगणात क्रिकेट खेळायचा तेव्हा ओट्यावरून तू अशीच ओरडायचीस, आणि ही पोट्टी दर उन्हाळ्यात तुझ्या शेजारी बसून मुकाट्यानं आंबे चोखायची. आम्हाला वाटायचं, नुसते आंबेच खाते आहे. तेव्हा कार्डाचे आभार तर आहेतच, पण ही बोली तू माझ्या लेकीला दिलीस, ते मी कुठल्या शब्दांत फेडू? जे मला रोज घरात राहून जमलं नाही, ते तू सुट्टीत करून टाकलंस.

भार्गवला आशीर्वाद सांग. सांडगे संपले आहेत, हे सहज लिहितो आहे.

तुझा धाकटा,
सुधाकर

ता. क. : वर लिहायचं टाळत होतो. काल कंपनीनं कळवलं, संपदाची निवड झाली. फक्त घरून नाही. पोरगी इतकी आवडली की त्यांनी तिला पुण्याच्या स्टुडिओतच बोलावलं आहे. ती घरात राहावी म्हणून मी मशीन जुळवली, आणि मीच अक्षता टाकून तिची पाठवणी केली. राधा म्हणते रडू नका. मी रडत नाही, आनंदच झाला आहे, फक्त तो अजून नीट बसायचा आहे.

ता. क. २ : खरं काम हे. मशीन संपदा इथेच ठेवून चालली आहे. दर रविवारी संध्याकाळी ती पुण्याहून आणि आम्ही इथून, असं एकत्र खेळायचं ठरलं आहे. चौघांची टोळी लागते. ती, मी आणि राधा झालो (राधाचा नेम अचूक आहे, मी हल्ली घरात जपून वागतो). चौथा गडी तू. मोबाईलवर चालतं, भार्गव लावून देईल. तुला काही येत नाही म्हणू नकोस, खेळायचं आम्ही बघतो, तू नुसती ओरड.

ता. क. ३ : एक दाणा अजून आत कुठेतरी राहिला आहे. खेळ तापला की बारीक खर्र होतं. साहू भैया म्हणाला, अंकलजी, दो मिनट में निकाल देंगे. मी नको म्हटलं. संपदा गेल्यावर घरात तेवढाच आवाज.