औषधे – नाही

मंगळवार, ३ जून २०२५

लिव्हरचे आकडे पाचपट! मला! ज्याने पार्ट्यांत बिअरचा ग्लास फक्त दुसऱ्याचा म्हणून धरला, त्याला!

आमची जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, हेलन. तिने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून लाल अक्षरं दाखवली. दारू? नाही. खरंच नाही? खरंच नाही. औषधं काही? काहीही नाही. आता सोनोग्राफी, आणखी रक्त, मग हॉस्पिटलातल्या लिव्हरच्या स्पेशालिस्टकडे रेफरल. कारण सापडलंच नाही तर सुई घालून लिव्हरचा बारीकसा तुकडा काढायचा आणि तपासायचा. मी म्हटलं, नो वरीज.

चित्रलेखाला सांगितलं तेव्हा तिने आधी गॅस बंद केला. घाबरली की माझी बायको तेच करते.

मी नाही घाबरलो. म्हणजे थोडा. सुईला.

गुरुवार, ५ जून

निळी फाइल काढली. एडिसनला राहायचो तेव्हाची. अमेरिकेतल्या सात वर्षांची कमाई!

तिथे पेशंट व्हायचं तर आधी कारकून व्हावं लागतं. इन्शुरन्सच्या यादीतला डॉक्टर, यादीतली लॅब, परवानगीचं पत्र, नकाराचं पत्र, नकारावर अपील. सगळे शिव्या देतात. मी देत नाही. तनया पोटात असताना चित्रलेखाचा एक स्कॅन नाकारला होता, तो मी चार फोन आणि एक अपील करून मंजूर करून घेतला. आणि एकदा आत पोचलो की काय तो डॉक्टर, किती समजावून सांगायचा! तिथल्या एका नर्सने शिकवलेलं अजून पाळतो – फोनवर बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेव, तारीख टाक, आणि तुझी हकिगत तूच नीट सांग. दुसरं कुणी सांगणार नाही.

इथे ऑस्ट्रेलियात सरकारी मेडिकेअरचं कार्ड दाखवलं की अर्धं काम होतं. भांडण फक्त रांगेशी. रांगेला मी काय भिणार!

फाइलचं नवं पहिलं पान टाइप केलं. वय – ५१. ॲलर्जी – नाही. ऑपरेशन – अपेंडिक्स, १९९८. औषधे – नाही. देखणं पान झालंय. उगाच दोनदा प्रिंट काढली.

बुधवार, ११ जून

सोनोग्राफी. उपाशीपोटी यायचं होतं. ना काढा ना चहा, डोकं धरलं. लिव्हरला थोडी सूज, बाकी काही नाही. फॉर्मवर पुन्हा तेच – औषधं घेता का? नाही, नाही, नाही! या लोकांना वाचता येत नाही का? पहिलं पान पुढे सरकवलं.

शुक्रवार, १३ जून

स्पेशालिस्टची तारीख आली. बारा सप्टेंबर. हट्!

शुक्रवार, २० जून

पाचही दिवस सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी हॉस्पिटलला फोन. आठला लावला तर रेकॉर्ड बोलतं, सव्वाआठला लावला तर बाविसावा नंबर. कुणी अपॉइंटमेंट रद्द केली की माझं नाव पुढे घ्या, मी तासाभरात पोचतो – एवढंच सांगतो, गोड आवाजात. तिथल्या बाईला आता माझा आवाज ओळखू येतो. आज म्हणाली, "मॉर्निंग प्रताप, नथिंग येट, डार्ल."

तनया शेजारी टोस्ट खात होती. "बाबा, यू आर सो एन्जॉइंग धिस." मी म्हटलं, याला सिस्टिम चालवणं म्हणतात. तुमच्या युनिव्हर्सिटीत शिकवत नाहीत.

रविवार, २२ जून

आईचा फोन. ती चिंचवडला, धाकट्या नंदूकडे. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज खणखणीत.

"पिणाऱ्यांची लिव्हरं ठणठणीत, आणि माझ्या पोरालाच बरं हे! गुळवेल घेतोयस ना अनशापोटी? सोडू नकोस हं. मी रोज घेते, मला काय धाड भरलीय?"

घेतोय की. फेब्रुवारीत नंदू आला तेव्हा तिने पाकिटंच्या पाकिटं पाठवली होती. तेव्हापासून एक सकाळ चुकवली नाही – ती सोनोग्राफीची सोडून. आई म्हणाली म्हणून आजपासून अर्धा चमचा वाढवला. लिव्हरसाठी चांगली असते म्हणे.

मंगळवार, २४ जून

मिळाली! शुक्रवारी साडेनऊ. ज्याने कुणी रद्द केली त्याचं भलं होवो.

शुक्रवार, २७ जून

हे नीट लिहायला हवं.

तनयाने गाडीने नेलं. आधी नर्सने आम्हा दोघांना आत बोलावलं. ग्लेनिस, साठीची, चष्मा गळ्यात. मी निळी फाइल पुढे केली. तिने पानं उलटली, "ब्यूटिफुल, मेट" म्हणाली आणि फाइल मिटून बाजूला ठेवली! "आता मला सांग, सकाळी उठल्यापासून तुझ्या तोंडात काय काय जातं? ओळीने सांग."

सांगायला लागलो. ब्रश. कोमट पाणी. मग काढा. मग चहा, दोन –

"थांब. काढा म्हणजे काय?"

मी खुलून सांगितलं. गुळवेल, प्रतिकारशक्ती, आईने पाठवलेली, रोज सकाळी, हल्ली दीड चमचा. तिने शास्त्रीय नाव विचारलं. मी फोनवर शोधून दाखवलं. तिने ते अक्षर अक्षर लिहून घेतलं आणि बाहेर गेली. परत आली ती स्पेशालिस्टला घेऊनच.

स्पेशालिस्ट शांतपणे म्हणाली, काही लोकांच्या लिव्हरला ही वनस्पती सोसत नाही, अशी सूज येते. आजपासून बंद. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासू. आकडे उतरले तर सुई नाही.

ग्लेनिस म्हणाली, "पण हेलनने विचारलं होतं ना, औषधं घेतोस का?"

ते औषध नाही! ते घरचं आहे! असं मी मराठीतच म्हणून गेलो. तनयाने भाषांतर केलं नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "बाबा, एव्हरीवन आस्क्ड यू."

सात वर्षं अमेरिकेत नाव, तारीख, वेळ लिहायला शिकलो. रोज पितो ते लिहिलं नाही. शहाणा!

शनिवार, २८ जून

पाकिटं कचऱ्यात. चित्रलेखाने झाकण लावलं आणि म्हणाली, "आईंना सांग."

"सांगतो."

"कधी?"

काय सांगू? तुझ्या हातच्या औषधाने माझं लिव्हर सुजलं? ती म्हणेल, मीच माझ्या पोराला विष पाजलं. जेवायची नाही चार दिवस. तिला स्वतःला तर कधी काही झालं नाही, वर्षानुवर्षं घेतेय. सोसतं तिला. मग कशाला तिच्या जिवाला घोर लावायचा?

हे माझं मी सांभाळतो. सांभाळता येतं मला.

शनिवार, १२ जुलै

आकडे निम्म्यावर! ग्लेनिसचा स्वतःहून फोन. इथल्या लोकांना मनापासून सलाम.

मंगळवार, २९ जुलै

जवळजवळ नॉर्मल. सुई रद्द. हेलनने अक्षरशः टाळी दिली. मी तिला सुचवलं की फॉर्मवर "औषधं" याच्या खाली "आणि घरचं काही?" अशी एक ओळ घाला. आमच्या लोकांसाठी. तिने लिहून घेतलं. फाइलमधलं माझं पानही दुरुस्त केलं – औषधे : गुळवेल, फेब्रुवारी ते जून. आता पान खरोखर पूर्ण झालं.

आईला फोन केला. आकडे उतरले म्हटल्यावर तिला रडूच फुटलं. मग नाक पुसून म्हणाली, "बघ! मी म्हटलं नव्हतं? माझ्या गुळवेलीचा गुण आहे हा."

मी म्हटलं, "हो आई."

चित्रलेखा समोर पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

रविवार, १७ ऑगस्ट

आईने फोन घेतला नाही. झोपलीय, नंदू म्हणाला. दुपारी चारला? ती कधी दुपारची झोपत नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

नंदूचा फोन. मीटिंगमधून उठून घेतला.

"दादा, आईला दवाखान्यात आणलंय. डोळे पिवळे झालेत, चार दिवस अन्न जात नाही. डॉक्टरांनी विचारलं, औषधं काय चालू आहेत. म्हटलं, काही नाही. तू काळजी करू नकोस, काढा बंद केलेला नाही. तुला गुण आला तेव्हापासून ती तीन वेळा घेतेय."

फोन डॉक्टरांना दे, म्हटलं. स्पीकरवर टाक. आईलाही ऐकू दे.